बंबचं विरजण

चौघांच्या बैठकीला एकच नियम होता आणि तो बंबने केलेला होता: आपली बाटली आपण प्यायची नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी जमायचं, ज्याने त्याने आपल्या सगळ्यात आवडीची बीअर आणायची, ती इतरांच्या पेल्यांत ओतायची आणि स्वतः हाताची घडी घालून त्यांची तोंडं बघत बसायचं. "स्वतःच्या पोराचं कौतुक बापाने कशाला करायचं? लोक काय म्हणतात ते गप ऐकावं," असं बंब म्हणायचा. नियम करणारा हा माणूस स्वतः मात्र जन्मात कधी गप बसला नाही. समोरच्याच्या ओठांना पेला लागायच्या आत त्याचं सुरू व्हायचं, "लागली? लवंग लागली? मागून जरासं करपट लागलं की नाही?"

बंब धुलाईच्या कारखान्यात बॉयलरवर होता. अंगाने गोल आणि चेहऱ्याने बारा महिने तापलेला, म्हणून बंब. भट्टीची बेकरी होती, म्हणून तो भट्टी. मास्तर खरोखरच मास्तर होते, भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, आणि वयाने दोन वर्षांनी मोठे म्हणून तेवढ्यांनाच अहो-जाहो. चौथा भिंग. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानामागे काचा घासायची खोली होती आणि बैठक तिथेच बसायची, कारण त्या खोलीला गल्लीत उघडणारं वेगळं दार होतं आणि रविवारी तिथे कोणी फिरकत नसे.

मास्तरांची बीअर पाण्यासारखी फिकट असायची, आणि ते तिची बाजू वर्गात शिकवल्यासारखी लढवायचे. भट्टीची काळीकुट्ट, घट्ट. भिंगची इतकी कडू की मास्तर म्हणायचे, "याला औषध म्हणून रुग्णालयात द्या." या तिन्ही बाटल्या दुकानातून आलेल्या. बंबची मात्र घरची असायची. मॉल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं पाणी उकळायचं, त्यात कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालायची, गार करायचं, आणि मग आपल्या बरणीतलं यीस्ट त्यात सोडायचं. त्या यीस्टला तो विरजण म्हणायचा. आधीच्या खेपेचा गाळ ठेवायचा, तो पुढच्या खेपेला लावायचा, अशी ती बरणी एकवीस वर्षं चालली होती. बायकोने लग्नात आणलेली भांडी फुटली, बरणी टिकली.

तो आला की मागचं दार वाजायचं. दोनदा टक् टक्, मग थोडं थांबून एकदा. दार कधीच बंद नसायचं, तरी वाजवल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नसे. आणि भिंग दर वेळी काचेवरून नजर न काढता ओरडायचा, "ये रे, उघडंच आहे!"

बंब आजारी पडला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने बरणी भिंगकडे दिली. "दर पंधरा दिवसांनी जुनं पाणी ओतायचं, नवं मॉल्टचं पाणी घालायचं. भट्टी रोज शंभर किलो पीठ मळतो, त्याला एका बरणीचं काय कौतुक? मास्तर विसरतील. तू काटेकोर माणूस आहेस."

काटेकोर माणसाने बरणी फ्रिजमध्ये सगळ्यात मागे ठेवली आणि त्यानंतर तिला हात लावला नाही. विसरला असता तर निदान विसरला म्हणता आलं असतं. पण तो विसरला नव्हता. फ्रिज उघडला की बरणी दिसायची, बरणी दिसली की रुग्णालयातली खाट दिसायची, खाटेवर अर्धा झालेला बंब दिसायचा, आणि भिंग फ्रिज लावून टाकायचा. तो भेटायलाही दोनदाच गेला. दुकानात गर्दी आहे म्हणाला. गर्दी कसली, सबंध दिवसात चार गिऱ्हाइकं. दोन महिन्यांनी त्याने धीर करून झाकण काढलं तेव्हा आत काळी-हिरवी बुरशी बसली होती आणि कुजका वास आला. त्याने बरणी मोरीत रिकामी केली आणि गरम पाणी ओतत राहिला.

त्याच संध्याकाळी बंबचा फोन आला. आवाज इतका बारीक की आधी ओळखूच आला नाही.

"विरजण कसं आहे?"

"जिवंत आहे," भिंग म्हणाला. "मस्त फेसाळलंय."

"मग मी निवांत," बंब म्हणाला. नऊ दिवसांनी तो गेला.

माणूस खोटं बोलतो आणि पुढे जातो, जगरहाटीच आहे ती. पण हे खोटं जिथल्या तिथे उभं राहिलं. वर्षश्राद्ध वगैरे मानणारे हे लोक नव्हते. पण वर्ष भरत आलं तेव्हा भट्टी म्हणाला, "भिंग, विरजण तुझ्याकडे आहे ना? मग तो गेला त्या महिन्याच्या बैठकीसाठी लाव एक खेप. वहिनींनाही बोलवू." भिंगने बाजारातलं पाकिटातलं यीस्ट आणलं, पुस्तकात बघून बीअर केली आणि बंबच्या बायकोसमोर, म्हणजे वहिनींसमोर, पेला ठेवला. भट्टीने घोट घेतला आणि म्हणाला, "तीच!" मास्तर म्हणाले, "अगदी तीच, शंकाच नको." वहिनींनी पदराने डोळे पुसले. नियमाप्रमाणे भिंग हाताची घडी घालून बसला होता. सगळे गेल्यावर त्याने उरलेली बाटली एकट्याने चाखली. त्यात लवंग नव्हती, करपट नव्हतं, काहीच नव्हतं.

असं दर वर्षी त्या महिन्यात, तीन वर्षं चाललं. तीच, तीच, अगदी तीच. भिंगचा धंदा डोळे तपासायचा. अक्षरांचा तक्ता पाठ करून येणारे म्हातारे त्याने ढिगाने बघितलेले. गाडी चालवण्याचा परवाना हवा असतो, दिसत तर नसतं, मग शेवटची ओळ धडाधडा म्हणून दाखवतात. तो शांतपणे तक्ता उलटा करायचा की पितळ उघडं. पण आपल्याच टेबलावर तक्ता पाठ म्हटला जातोय की या लोकांना खरंच काहीतरी लागतंय, हे त्याला तीन वर्षांत कळलं नाही. आणि दोन्हीतलं जास्त भयंकर काय, तेही ठरवता आलं नाही.

चौथ्या वर्षी वहिनी दुकानात आल्या. त्या पडदे शिवायचं काम करत. शिवता शिवता नंबर वाढला असेल असं भिंगला वाटलं. पण त्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून एक लाकडी चाटू काढला. चांगला हातभर लांब, टोकाला काळा पडलेला.

"घर विकतेय, भाऊजी. मुलीकडे जाते राहायला. हा त्यांचा चाटू. खिळ्याला टांगलेला होता तसाच काढलाय. कधी साबण लावू द्यायचे नाहीत. नुसता पुसायचा म्हणे. मला काय करायचाय, तुमच्या कामाला येईल."

"आणा," भिंग म्हणाला.

"आणि तुमच्याकडून एक हवंय." वहिनी चाटूवरच बघत बोलत होत्या. "विरजण. सगळं नको, थोडं. घरातली एकेक वस्तू बघितली मी. सगळ्या वस्तू मेलेल्या हो. कपडे, घड्याळ, बूट. त्यांच्या हातचं जिवंत म्हणावं असं एवढंच राहिलंय. मुलीला म्हटलं, तुझ्या फ्रिजमध्ये एक कोपरा मला ठेव."

भिंगने मान हलवली. नाही कशी म्हणणार होता? बैठकीच्या रविवारी बरणी देतो म्हणाला. वहिनी गेल्यावर तो बराच वेळ चाटू हातात धरून बसला. पेल्यातली बीअर पिऊन संपते, खोटं पचून जातं. ही बाई मात्र पाकिटातलं यीस्ट उराशी धरून परगावी जाणार होती, आणि मरेपर्यंत त्याला खाऊपिऊ घालणार होती.

तरी त्याने नेहमीसारखी खेप लावली. माणूस सवयीचा गुलाम, आणि भिंग तर काटेकोर गुलाम. मॉल्ट उकळलं, गार केलं, पाकीट फोडून पिंपात टाकलं, झाकण बसवलं. झाकणातून एक वाकडी नळी वर येते, तिच्यात बोटभर पाणी आणि वर प्लॅस्टिकची टोपी असते. यीस्ट कामाला लागलं की वायू पाण्यातून बुडबुड करत निघतो आणि टोपी वाजते. एक दिवस गेला, टोपी वाजली नाही. दुसरा गेला. पाकिटाची तारीख बघितली तर कधीच उलटून गेलेली. पाकीटच मेलेलं निघालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फेकून द्यायला म्हणून त्याने झाकण काढलं. आत सगळं मुकाट होतं. का कोण जाणे, फेकायच्या आधी त्याने बंबचा चाटू घेतला, बंब ढवळायचा तसा तळापर्यंत घातला आणि पाच मिनिटं ढवळत राहिला. "आता तूच बघ बाबा," असं काहीतरी पुटपुटला. झाकण लावलं आणि दुकान उघडायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोर एक बाई बसल्या होत्या. भिंग काच बदलून विचारत होता, "हे स्पष्ट की ते?" बाई म्हणाल्या, "तुमचं मागचं दार वाजतंय."

भिंगने ऐकलं. टक् टक्. मग थोडं थांबून, टक्.

त्याच्या हातातली काच खाली पडली. बाई म्हणाल्या, "बघा ना कोण आहे." तो मागे गेला, दार उघडलं. गल्लीत ऊन होतं, समोरच्या भिंतीला टेकून एक सायकल होती, बस. मग पाठीमागून पुन्हा आलं. टक् टक्. टक्. पिंपाची टोपी वाजत होती.

बुडबुड्यांना काय अक्कल असते? वायू साठतो, सुटतो, पुन्हा साठतो. भिंगने स्वतःला हे दिवसातून दहा वेळा समजावलं. पण चार दिवस ते दोन-एक, दोन-एक असंच वाजत राहिलं, आणि ते चार दिवस त्याने मागच्या खोलीत काच घासली नाही. जेवायचा डबाही पुढेच खाल्ला. भीती वाटत होती असं तो कोणाला म्हणाला नसता. भीती वाटत होती. मित्राची भीती वाटावी याची लाजही वाटत होती. तो काय गळा धरणार होता? फार तर विचारणार होता, विरजण कसं आहे.

बीअर बाटल्यांत भरली, झाकणं ठोकली, तीन आठवडे ठेवली. चाखली नाही. तळाचा गाळ बरणीत काढला आणि बैठकीच्या दोन दिवस आधी उरलेल्या गाळावर नवं मॉल्टचं पाणी घालून पिंप पुन्हा लावून दिलं. आता कसली तरी बरणी द्यायची तर निदान ताजी तरी द्यावी. तेही वाजायला लागलं. तसंच.

रविवारी तिघं आली. मास्तरांनी आपली फिकट बाटली फोडली आणि पाच मिनिटं भाषण दिलं. भट्टीने काळी ओतली. वहिनींनी घोटभर घेऊन तोंड वाकडं केलं आणि सगळे हसले. कोपऱ्यातलं पिंप तेव्हा गप्प होतं. मग भिंगने आपली बाटली उघडली, तीन पेले भरले आणि हाताची घडी घातली.

मास्तरांनी घोट घेतला आणि काही बोलले नाहीत. मास्तर, जे लग्नात, मयतीत, दंतवैद्याच्या खुर्चीतही बोलतात, ते पेल्यात बघत बसले. भट्टीने पेला नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. वहिनींनी पेला खाली ठेवला. कोणीही "तीच" म्हणालं नाही.

संपलं, भिंगला वाटलं. तीन वर्षं निभावलं, आज तक्ता उलटा झाला. आणि गंमत अशी की त्याला हलकं वाटलं.

"वहिनी," तो म्हणाला, "हे बंबचं नाही. कधीच नव्हतं. विरजण मेलं. माझ्या हातून मेलं, तो असतानाच मेलं. मी त्याला हातच लावला नाही. मी भेटायलाही दोनदाच आलो. मला त्याला तसं बघवत नव्हतं. आणि त्याने फोन करून विचारलं तेव्हा मी सांगितलं, जिवंत आहे. तो म्हणाला, मग मी निवांत. मेलेल्या माणसाशी खोटं बोललो असतो तर चाललं असतं. मी मरणाऱ्या माणसाशी बोललो."

भट्टीने पेला नाकापासून काढला. "पाकीट होतं ते पहिल्याच वर्षी कळलं आम्हाला. पाकिटातलं यीस्ट मला कळणार नाही? रोज सकाळी कोपरापर्यंत त्यातच असतो मी. वहिनी रडत होत्या, तू रडायच्या बेतात होतास. मास्तरांना टेबलाखालून लाथ मारली आणि म्हटलं, तीच."

"जोरात मारलीस," मास्तर म्हणाले.

"आणि मला?" वहिनींचा आवाज चढला. "मला कोणी लाथ मारली नाही! तुम्ही म्हणालात तीच, मी म्हटलं तीच. मला त्यातलं काय कळतं? तीन वर्षं मला रडवलंत पाकिटावर! एकाला म्हणून सांगावंसं वाटलं नाही?"

वहिनींनी नाक पुसलं आणि पेला पुन्हा उचलला. प्यायल्या नाहीत, नुसता तोंडाजवळ धरला.

"तो फोन मीच लावून दिला होता," त्या म्हणाल्या. "सहा दिवस डोळ्याला डोळा नव्हता त्यांच्या. फोन ठेवला आणि झोपले. इतके गाढ झोपले की मी दोनदा नाकाशी हात धरून बघितला. हे मी तुम्हाला माफ केलं म्हणून सांगत नाहीये, भाऊजी. झालं ते सांगतेय." मग त्यांनी पेला भट्टीपुढे सरकवला. "पण हे काय आहे? मला चव कळत नाही, वास कळतो. ते धुलाईवरून येऊन घरी हे ढवळत बसायचे, त्या शर्टाचा वास आहे हा. मी एकवीस वर्षं धुतलेत ते शर्ट. हा तुम्ही बाजारातून नाही आणलेला."

"तेच तर," भट्टी हळूच म्हणाला. "म्हणूनच बोलवेना. भिंग, यात काय घातलंस?"

"पाकीट. पण ते मेलेलं होतं. दोन दिवस काही झालं नाही. मग नुसतं ढवळलं."

"कशाने?"

भिंगने खिळ्यावरचा चाटू काढून दिला. भट्टीने तो उजेडात धरला, टोकाजवळच्या चिरा नखाने दाबून बघितल्या, हुंगला. "आमच्याकडे आजोबांच्या वेळची कणीक मळायची लाकडी काथवट आहे. एकदा बेकरी दोन महिने बंद होती. उघडल्यावर पीठ-पाणी घातलं, बाकी काही नाही. सकाळी फुगून बाहेर आलं होतं. लाकडाच्या चिरांमध्ये यीस्ट बसून असतं, वाळून. म्हणून साबण लावू द्यायचा नाही तो." त्याने चाटू परत दिला. "चार वर्षं खिळ्याला टांगून होता लेकाचा."

"प्या," वहिनी भिंगला म्हणाल्या.

"नियम आहे, वहिनी. आपली बाटली आपण..."

"तुमची आहे का ही?"

भिंगने त्यांचा पेला घेतला. फेस ओठाला लागला, आणि मग लवंग. जिभेच्या मागे, भाकरीच्या कडेसारखं, जरासं करपट. त्याने डोळे मिटून घेतले. लागली? लागली की नाही? "लागली," तो म्हणाला, आणि चार वर्षं जे आलं नव्हतं ते रडू त्याला आलं, नाकातोंडातून, एखाद्या पोरासारखं. मास्तरांनी आपला रुमाल दिला. तो स्वच्छ नव्हता, पण त्याने घेतला.

निघताना वहिनींनी बरणी उचलली, उजेडात फिरवून बघितली आणि अर्धं भिंगच्या रिकाम्या बरणीत ओतलं. "अर्धं इथे राहू द्या. माझ्या हातून मेलं तर तुमच्याकडे असेल, तुमच्या हातून मेलं तर माझ्याकडे. दर पंधरा दिवसांनी मी फोन करीन. विचारीन, कसं आहे. जे असेल तेच सांगायचं. मेलं असेल तर मेलं म्हणायचं. मी ऐकून घेईन."

"सांगेन," भिंग म्हणाला.

त्या भट्टी आणि मास्तरांबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. भिंगने दार लोटलं, पेले विसळले, चाटू नुसता पुसून खिळ्याला लावला. घासायच्या यंत्रापाशी बसून त्याने अर्धवट राहिलेली काच हातात घेतली.

मागे वाजलं. टक् टक्. मग थोडं थांबून, टक्.

भिंगने काचेवरून नजर काढली नाही.

"ये रे," तो म्हणाला, "उघडंच आहे."